माल अर्जंट, पेमेंट प्रोसेसमध्ये : नव्या व्हेंडरसाठी मार्गदर्शिका

मॅनेजमेंटच्या पुस्तकात पुरवठा साखळीचं चित्र फार सुबक असतं. डावीकडे कच्चा माल, मग कारखाना, मग गोदाम, मग दुकान आणि शेवटी हसरं गिऱ्हाईक. सगळे बाण डावीकडून उजवीकडे. नगरच्या नागापूर एमआयडीसीत नुकतीच भाड्याने शेड घेतलेल्या, त्यात एक जुना लेथ आणि हप्त्यावरचं एक सीएनसी बसवलेल्या वाचकाने हे चित्र एकदा नीट पाहून ठेवावं. त्यात पैशाचा बाण काढलेला नसतो. तो उजवीकडून डावीकडे यायचा असतो, आणि ही मार्गदर्शिका बरीचशी त्याची वाट बघण्याविषयीच आहे.

आधी जागेविषयी. नगर मोक्याच्या ठिकाणी आहे, असं तुम्हाला बँकेचा मॅनेजर, एमआयडीसीचा दलाल आणि सासरे, तिघेही सांगतील. खरंच आहे. पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत, छत्रपती संभाजीनगर साधारण तेवढंच. रांजणगाव, चाकण, वाळूज हाताशी. आता सुपाही मोठं झालं, जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा झाला. व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की तीन दिशांची गिऱ्हाइकं तुम्हाला एकाच दिवशी 'संध्याकाळपर्यंत पाठवा' म्हणू शकतात.

परंपरेचीही काळजी नको. 1972 साली फिरोदियांच्या कायनेटिकने लूना बाजारात आणली. नगरच्या कारखान्यातली ही मोपेड पुढे देशभर पळाली. मोपेडला लागणारे शेकडो सुटे भाग कुणी एकाच छपराखाली करत नसतं. कुठेतरी कुणीतरी बुश काढत असतो, कुणी स्टँड वाकवत असतो. मोठ्या नावामागे असे बिननावाचे लोक असतात. तुम्ही आता त्यातलेच होणार आहात, तेव्हा शेडवर मोठी पाटी लावायची घाई करू नका. तसंही आपल्याकडे पाट्या टिकत नाहीत. एल अँड टीचा स्विचगिअरचा धंदा 2020 मध्ये श्नायडरकडे गेला, 2024 मध्ये त्याला लॉरिट्झ नूडसन हे नाव मिळालं, आणि नागापूरच्या रिक्षावाल्याला तो कारखाना अजून एल अँड टी म्हटल्याशिवाय कळत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. तुमच्या चलनबुकावर एक नाव, जीएसटीच्या दाखल्यावर दुसरं आणि गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमध्ये तिसरंच स्पेलिंग असेल, तर बिल परत यायला हे एक कारण पुरेसं असतं. बाकीची कारणं पुढे येतीलच.

व्हेंडर कोड

कोड म्हणजे कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीतला तुमचा नंबर. तो मिळण्याआधी ऑडिट होतं. दोन तरुण पाहुणे येतील, हातात सत्तर-ऐंशी प्रश्नांची यादी असेल. आदल्या रात्री जमिनीवर पिवळे पट्टे मारून घ्यावेत, पण रंग वाळेल एवढा वेळ ठेवावा. पाहुण्यांच्या बुटाला लागलेला पिवळा रंग हा पुरावाच असतो. आग विझवायच्या नळकांड्याची तारीख बघावी. प्रथमोपचाराच्या पेटीतून सुतळी, फ्यूज आणि गायछापची पुडी काढून ठेवावी.

ते विचारतील, 'तुमच्याकडे आपत्कालीन नियोजन काय आहे?' मशीन बंद पडलं, वीज गेली, कामगार आले नाहीत, तर पुरवठा कसा चालू ठेवाल? खरं उत्तर असतं, 'मी स्वतः रात्रभर उभा राहतो.' हे लिहू नये. 'पर्यायी व्यवस्था उपलब्ध' असं लिहावं. दोन्हीचा अर्थ एकच.

'स्टॉक कसा मोजता?' याचंही उत्तर जपून द्यावं. बहुतेक शेडमध्ये ईआरपी म्हणजे दोनशे पानी वही, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि मिस्त्रीचं डोकं. कुठल्या रॅकच्या मागे कुठल्या मापाचा किती बार पडलाय, हे मिस्त्रीला तोंडपाठ असतं. या यंत्रणेला लायसन्स फी नाही. दोष एकच. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, आणि मिस्त्री पाथर्डी तालुक्यातला असेल तर त्या दिवसांत तुमचं सॉफ्टवेअर रजेवर जातं. त्याच यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. शेकडो वर्षं माल वाहणारं हे जनावर कधी 'गाडी लागली, पावती द्या' म्हणालं नाही, पण ई-वे बिलात त्याच्यासाठी रकाना नाही.

एका पिनेची यात्रा

समजण्यासाठी एक साधी पिन घेऊ. बारा मिलिमीटर व्यास, बोटाएवढी लांबी, ईएन-8 स्टील. ड्रॉइंगवर लिहिलेलं माप: 11.98 ते 12.00. दिसायला खिळ्याची थोरली बहीण.

बार पुण्याहून आणायचा. स्टीलवाला ओळखीचा असला तर चहा देतो, नसला तरी देतो. उधारी दोन्ही वेळा देत नाही. बार आला की लेथवर कापणी, टर्निंग. मग इंडक्शन हार्डनिंगला दुसऱ्या शेडमध्ये. तिथून सेंटरलेस ग्राइंडिंगला तिसरीकडे. मग झिंक प्लेटिंगला चौथीकडे. प्रत्येक ठिकाणी एक चलन जातं, एक परत येतं, आणि प्रत्येक ठिकाणी तुमच्या आधी कुणाचा तरी 'फार अर्जंट' लॉट लागलेला असतो. गाडीत बसून फिरण्याआधीच ही पिन छोट्या हत्तीत बसून बरंच फिरून आलेली असते.

इथे नवशिका हमखास फसतो. झिंकचा थर आठ मायक्रॉनचा असेल तर तो पिनेला सगळीकडून बसतो, म्हणजे व्यास सोळा मायक्रॉनने वाढतो. म्हणून ग्राइंडिंग 12 ला करून चालत नाही. 11.970 ते 11.980 ला थांबायचं आणि उरलेली जागा प्लेटिंगला सोडायची. हिशेब बरोबर आहे. पण प्लेटिंगवाल्याचा पोऱ्या चहाला गेला, बॅरल जास्त वेळ टाकीत फिरत राहिला आणि थर बारा मायक्रॉनचा बसला, की 11.980 ची पिन 12.004 होते. चार मायक्रॉन. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागत नाही. रिंग गेजला मात्र कळतं. पिन तोंडाशीच अडते आणि अख्खा लॉट लाल क्रेटमध्ये जातो.

पोऱ्यावर रागावण्याआधी प्लेटिंगवाल्याची बाजूही बघा. त्याचा बॅरल पुरता भरल्याशिवाय फिरवणं त्याला परवडत नाही. तुमच्या पाचशे पिनांनी तो अर्धाच भरतो. म्हणून तो तुमच्यासारखंच दुसऱ्या कुणाचं सामान यायची वाट बघतो, आणि तुम्ही फोनवर त्याच्याशी तेच बोलता जे कंपनीचा माणूस तुमच्याशी बोलतो. या बॅरलकडे शेवटी परत यायचं आहे.

शेड्यूल ही पवित्र गोष्ट आहे, बदलली तरी

महिन्याच्या पहिल्या तारखेला शेड्यूल येतं: दोन हजार पिना, दर आठवड्याला पाचशे. सोमवारी फोन येतो, 'या आठवड्यात बाराशे करा.' तुम्ही बार मागवता, ओव्हरटाइम लावता, ग्राइंडिंगवाल्याच्या हातापाया पडता. शुक्रवारी फोन: 'सध्या होल्ड करा.' बाराशे पिना शेडमध्ये पडून. यात कुणाची दुष्टाई नसते. हे सगळ्या जगात होतं. प्रॉक्टर अँड गँबलच्या लोकांना 1990 च्या दशकात आढळलं, की लहान मुलं डायपर रोज साधारण तेवढेच वापरतात, पण दुकानदार थोडा जास्त मागवतो, घाऊकवाला त्याहून जास्त, आणि कच्च्या मालाच्या कारखान्यापर्यंत पोहोचेपर्यंत मागणीचा आलेख उड्या मारायला लागतो. शास्त्रात त्याला चाबकाचं नाव दिलंय. मूठ जरा हलली की टोक सपकन वाजतं. मूठ शोरूममध्ये असते. टोक कुठे असतं ते सांगायला नको.

पडून राहणाऱ्या साठ्यावर जपान्यांनी काढलेला उपाय म्हणजे 'जस्ट इन टाइम'. टोयोटाच्या ताईची ओनोंनी तो बसवला: लागेल तेव्हा, लागेल तेवढंच, साठा नको. आपल्याकडेही हे तत्त्व पाळतात. कंपनी दोन तासांचा साठा ठेवते, कारण तुम्ही पंधरा दिवसांचा ठेवता. साठा नाहीसा होत नाही, त्याचा पत्ता बदलतो. बँकेच्या व्याजाचाही.

जपानची गोष्ट निघालीच आहे तर अर्धी सोडू नये. 1 फेब्रुवारी 1997 ला कारिया शहरात आयसिन या पुरवठादाराचा कारखाना जळाला. टोयोटाच्या ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनायचा. साठा काही तासांचा. टोयोटाचे कारखाने बंद पडले. मग आसपासच्या लहानमोठ्या कारखान्यांनी, त्यात शिवणयंत्रं करणारी ब्रदर कंपनीही होती, ड्रॉइंग मागून घेतली आणि मिळेल त्या मशीनवर तो व्हॉल्व्ह काढायला सुरुवात केली. आठवडाभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. दर काय लावायचा हे आधी कुणी विचारलं नाही, कारण पैसे मिळतील याची खात्री होती, आणि ते मिळालेही. आपले सल्लागार पॉवरपॉइंटमध्ये ओनोंचा फोटो लावतात. हा शेवटचा भाग त्या स्लाइडवर मावत नसावा.

'निघालाय साहेब'

आता वाहतूक. हा धडा पाठ करायचा आहे. माल कुठे आहे, असा फोन आल्यावर द्यायची उत्तरं ठरलेली असतात आणि दोन्ही बाजूंना त्यांचे अर्थ माहीत असतात. पुण्याच्या वाटेवरच्या मालासाठी ती अशी:

'निघालाय साहेब' : माल प्लेटिंगला आहे.
'केडगाव सोडलं' : पॅकिंग चालू आहे.
'सुपा क्रॉस केलं' : टेम्पोवाला जेवतोय, जेवण झालं की भरणार.
'शिरूरच्या पुढे आहे' : गाडी शेडच्या गेटबाहेर पडली.
'वाघोलीत अडकलाय' : हे मात्र खरं असतं.

चाकणचा माल असेल तर शिक्रापूरवरून आत वळायचं, म्हणजे वाघोली टळते आणि त्या रस्त्यावरची ट्रकची रांग भेटते. हल्ली साहेब लाइव्ह लोकेशन मागतात. त्यावर 'ड्रायव्हरचा नेटपॅक संपला' हे उत्तर अजून चालतंय, किती दिवस चालेल सांगता येत नाही. मालाची किंमत 1 लाखाच्या वर असेल तर राज्यातल्या राज्यातही ई-वे बिल लागतं. 200 किलोमीटरला ते एक दिवस चालतं. नगर-पुण्याला एवढा वेळ कशाला, असं वाटत असेल तर तुम्ही पावसाळ्यातल्या सोमवारी अजून निघालेला नाहीत.

दिनदर्शिका भिंतीवर लावा. उसाचा हंगाम सुरू झाला की मनमाड रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात आणि राहुरीच्या पुढे तुमच्या टेम्पोचा वेग ठरवतात. 1 जानेवारीला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला अभिवादनासाठी लाखो लोक येतात, नगर रस्त्याची वाहतूक वळवतात. ही तारीख दरवर्षी तीच असते. तरीही 31 डिसेंबरच्या दुपारी 'उद्या सकाळी लाइनला पाहिजे' असा फोन येतो, हेही दरवर्षी तेच असतं.

रसद म्हणजे काय, हे या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. 1624 मध्ये मलिक अंबरने नगरजवळच्या भातोडीला तळ्याचं पाणी सोडलं, चिखलात शत्रूची फौज अडकवली, तिची रसद तोडली आणि स्वतःहून मोठ्या सैन्याला हरवलं. निजामशाहीत ही युद्धनीती होती. आता हेच काम दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गेटवर होतं.

कारण गेट ही या साखळीतली सर्वांत मजबूत कडी. टेम्पो तीन वाजता पोहोचला. सिक्युरिटीच्या काकांनी विचारलं, 'बूट आहेत का?' ड्रायव्हरच्या पायात चप्पल. बूट समोरच्या टपरीवर भाड्याने मिळतात, ते आणले. 'गाडीची पीयूसी?' ती आहे. 'इन्व्हॉइसच्या प्रती?' दोन आहेत, तीन लागतात. झेरॉक्स एक किलोमीटरवर. परत येईपर्यंत पावणेपाच. आत रांग. स्टोअरचा इनवर्ड पाच वाजता बंद. माल सोमवारी पोहोचला, कॉम्प्युटरमध्ये मंगळवारी चढला. तुमचा डिलिव्हरी रेटिंगचा रकाना लाल झाला. लाइन थांबली होती ना? नव्हती. पिना आठवडाभर तशाच क्रेटमध्ये पडून राहिल्या.

महिन्याअखेर गुणपत्रिका मेलवर येते. दर्जा पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे दहा लाखांत किती खराब. टार्गेट पन्नास. तुम्ही महिन्याला दोन हजार पिना देता. त्यात एक खराब निघाली की तुम्ही 500 पीपीएमवर. म्हणजे तुम्हाला परवडणाऱ्या खराब पिनांची संख्या शून्य आहे, आणि ती वर्षभर शून्यच राहिली पाहिजे. यात चुकीचं काही नाही, ब्रेकच्या पिनेला तसंच पाहिजे. फक्त याच पद्धतीने पेमेंटचाही पीपीएम काढावा, असं आजवर कुणाला सुचलेलं नाही.

पेमेंट

इथे घाई करू नका, दुसरं कुणीच करत नाही.

समजा, महिन्याला 10 लाखांचं काम आहे आणि उधारी 90 दिवसांची. तुमचे 30 लाख कायम बाहेर. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 5 लाख 40 हजार. तो तुम्ही पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला सरकारला भरलेला असतो, कारण कर बिलावर लागतो, पैसे आले की नाही यावर नाही. स्टीलचे रोख, पगार सात तारखेला, वीजबिलाला थांबायची सवय नाही. थोडक्यात, कोट्यवधींच्या कंपनीला बिनव्याजी खेळतं भांडवल पुरवणारी संस्था म्हणजे तुम्ही. बँकेचा परवाना नाही एवढंच.

आता कायदा. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यात, कलम 15 मध्ये, स्पष्ट लिहिलंय: लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे पेमेंट नेता येत नाही, करार नसेल तर 15 दिवसांतच द्यायचं. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल मान्य झाला असं धरतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. दाद मागायला सुविधा परिषद आहे, 2017 मध्ये 'समाधान' पोर्टल आलं. आयकराचं कलम 43 बी (एच) 1 एप्रिल 2024 पासून आलं. त्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा करता येतो. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना टीआरईडीएसवर नोंदणीही बंधनकारक झाली. म्हणजे व्हेंडर आपलं बिल या ऑनलाइन बाजारात विकून लगेच पैसे घेऊ शकतो. अट एवढीच, की कंपनीने तिथे बिल मान्य करायला हवं, आणि बंधन आहे ते नोंदणीचं.

एवढं सगळं असताना व्हेंडर तक्रार का करत नाही? तुम्हीच करून बघा. व्याज मिळेल. व्हेंडर कोड जाईल. म्हणून तीन महिने झाल्यावर फोन करायचा तो असा:

'साहेब, नमस्कार. जरा बिलाचं बघता का?'
'कुठलं?'
'दिवाळीच्या आधीचं.'
'प्रोसेसमध्ये आहे. बरं, त्या पिना कुठे आहेत?'
'सुपा क्रॉस केलं साहेब.'

दोघेही समाधानाने फोन ठेवतात.

तरीही काही गोष्टी आज करून ठेवा, त्यात थट्टा नाही. उद्यम नोंदणी करा आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा, पेनने लिहू नका. चलनावर पोहोचेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ड्रायव्हरला गेटवरून हलू देऊ नका, 45 दिवस मोजायचे तर सुरुवात कुठून, हे त्याच कागदावर ठरतं. रिजेक्शन तोंडी घेऊ नका. एका गिऱ्हाइकावर अर्ध्याहून जास्त धंदा जाऊ देऊ नका, मग ते कितीही गोड बोलो. आणि 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर कंपनीला जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, हे त्यांच्या अकाउंट्सवाल्याला सहज, चहा पिताना विचारून ठेवा. 170 व्या दिवशी बरीच बिलं एकदम प्रोसेसमधून बाहेर येतात.

एवढं झालं की टेबलाच्या खालचा खण उघडा. त्यात प्लेटिंगवाल्याची बिलं आहेत. सर्वांत खालच्या बिलावरची तारीख बघा. त्याचीही उद्यम नोंदणी आहे, तोही सूक्ष्म उद्योगात मोडतो, आणि त्याच्यापुरती मोठी कंपनी तुम्हीच आहात. कलम 15 तुम्हालाही लागू आहे.